नथीची खूण

ती. बाबा, आपल्या व आईच्या पायांवर डोके ठेवून लिहितो.

मी, आपला थोरला मुलगा भालचंद्र, माझ्या मुलीच्या, दीपिकाच्या, शाळेविषयीचा निर्णय कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. फोनवर आई "पोरीला परत आन, आमी काय मेलो काय?" म्हणून रडू लागते आणि माझे सांगणे अपुरे राहते.

दीपिकाला येथील कर्णबधिर मुलींच्या शाळेत ठेवले आहे. वसतिगृह स्वच्छ आहे, जेवण गरम मिळते. आपल्याकडच्या शाळेत ती नुसता फळा उतरवून घेत होती, त्यातले अक्षरही तिला उमगत नव्हते, हे आपण जाणताच. येथे बाई हातांच्या भाषेने शिकवतात. दुसरा मार्ग मला सापडला नाही.

मात्र आपण गावी, चांदीपला, तिच्याशी ज्या खुणांनी बोलतो, त्या येथे कुणालाच कळत नाहीत. आजीची आठवण आली की ती नाकाशी बोटे नेऊन नथ दाखवी आणि इतर मुली हसत. बाई म्हणाल्या, "विसरेल हळूहळू, काळजी करू नका."

आज तिला भेटून निघताना आजीचा निरोप द्यावा म्हणून मीच नाकाशी बोटे नेली. तिने आजूबाजूला पाहिले आणि माझा हात खाली ओढला.

आपला गुडघा कसा आहे? आईला पोर रमली एवढेच सांगावे. हे पत्र वाचून दाखवू नये.

आपला,
भालचंद्र बळीराम भोईर
पुणे, १८ जून २०२५