'व समस्त परिवार'

२ एप्रिल, येरमाळा
संगणकातल्या एक्सएमएल फाइलचा साचा बदलणारी नवी प्रोग्रॅमिंग भाषा कंपनीने काढली आहे. तिची नियमावली मी लिहायची. आमच्या साहेब, प्रतीक्षा मॅडम, पुण्याहून फोनवर म्हणाल्या, छोटी हवी, पण काही सुटता कामा नये. जमलं तर घरून काम कायम, नाही तर जूनपासून पुणे. पुण्यातली ती भाड्याची खोली आता नको. वीस पानांत संपवतो.

५ एप्रिल
सोळा पानं. संकल्प: उघड आहे ते लिहायचं नाही. म्हणून शेवटचा नियम उडवला. कुठलाच नियम लागू नसेल तिथं मजकूर आहे तसा ठेवावा, असा होता. एवढं कोणालाही कळतं.

६ एप्रिल, दुपारी
बहिणीच्या, अर्पिताच्या लग्नाची पत्रिका आण्णांनी छापायला माझ्याकडे दिली. एक्याऐंशी नावं, आणि खाली परत 'व समस्त परिवार'. ओळ खोडली. आण्णांना सांगितलं नाही. त्यांना एडिटिंग कळत नाही.

१० एप्रिल
मॅडमचा मेल. नियम नव्हता तिथं एका प्रोग्रॅमरने मजकूर ठेवला, दुसऱ्याने पुसला. ग्राहकांचे पत्ते गायब. वाचणाऱ्यांना अक्कल आहे हे गृहीत धरलं, हीच माझी चूक. आता सगळंच लिहितो.

१५ एप्रिल
एकशे चव्वेचाळीस पानं. पाठ गेली. मॅडम म्हणाल्या, नियम असेलही, पण सापडत नाही. लोकांना शोधत बसायला लागू नये.

१६ एप्रिल
पत्रिका वाटायला सुरुवात. गोरोबाकाकांनी लगेच परत पाठवली. आण्णांचे चुलतभाऊ, मांडवाचं सगळं तेच बघणार होते, आणि एक्याऐंशी नावांत त्यांचं नव्हतं. निरोप असा, की आमी कुणीच न्हाय व्हय? आण्णा रागावले नाहीत. म्हणाले, ध्यानातनं सुटलेल्यांसाठीच असती रं ती ओळ. फार वाईट वाटलं. तसा दोष मूळ यादीचा.

१७ एप्रिल
काकांकडे माफी मागायला गेलो. काही सुटू नये म्हणून पाऊण तास समजावून सांगितलं. काका म्हणाले, चुकलो म्हन की, तेवढं लई झालं. नेमकं तेवढंच राहिलं होतं.

२२ एप्रिल, संध्याकाळी
उरलेल्या पत्रिकांवर ती ओळ पेनाने लिहितो आहे. हात दुखतो. काका येणार आहेत. आण्णांनी त्यांना फोनवर दोनच शब्द वापरले: चुकलं, ये.

मध्येच ऑफिसचा मेल. घरून काम कायम झालेल्यांची यादी, तेरा नावं. माझं नाही. शेवटपर्यंत वाचली. खाली 'व इतर' असं कोणी लिहिलेलं नाही.