राबात होरपळलेल्या पाच वेलांची व्यवस्था

मी, कमळू पोश्या विशे, वय एकोणपन्नास, धंदा शेती, राहणार मौजे शेणवा, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्या भरीस न पडता सांगत आहे. श्रावणात लकव्याने उजवा हात गेला. डोके जागेवर आहे, अशी हे लिहिणारे शाळेचे नामदेव गुरुजी यांची खात्री झाली आहे. देह देवाचा, त्याने केव्हाही न्यावा. बाकीचे मी वाटतो.

कलम १. घर व भाताची खाचरे पत्नी बाईजा हिला हयातभर, मागाहून मुरबाडास दिलेली आमची एकुलती मुलगी चंद्रकला हिला. जावयाने खाचरे विकू नयेत. तो फार गोड बोलतो, म्हणून लिहून ठेवतो.

कलम २. वेलांवर फवारण्याचे विषारी मोरचूद ज्या मडक्यात कालवतो ते फोडून टाकावे. मडके चांगले आहे, हे बाईजाने मला पुन्हा सांगू नये.

कलम ३. वेलावर उरतील ती आंबट द्राक्षे वाडीवरच्या जैतूला. तो मडक्यात त्यांचे काय करतो ते गावाला ठाऊक आहे. अबकारीवाले मृत्युपत्रेही वाचत असतील, म्हणून येथे लिहीत नाही. मी माळकरी, चवीची माहिती ऐकीव. छाटणी मात्र त्याच्या हाती देऊ नये. एकदा दिली, तर त्याने काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब, कापला नाही. घड शंभर, सगळे आंबट. वर म्हणाला, "दादा, गोड झाली तं तुमी चार दिस खाल. आंबट आमाला पावसापरेंत पुरतील."

कलम ४. तरुणपणी अकरा वर्षे मी नाशकाकडे द्राक्षमळ्यात गडी होतो. येताना भोकरी जातीच्या द्राक्षाच्या बारा काड्या आणून लावल्या. नाशकाला छाटणीआधी मुळे उघडी करून, पाणी तोडून वेलाला ताण देत. तो बरोबर दिला की घड गोड. परक्याचे वेल मी बिनदिक्कत उपाशी ठेवले. स्वतःचे ठेवता येईनात. त्यात बाईजा तांदळाचे धुवण रोज घाली. "लेकुरवाळी हाय ती, तिला कातर कशाला लावता?" असे म्हणे. पाने सुपाएवढी आली, द्राक्षे पाणचट.

सन १९३२च्या वैशाखात मी चंद्रकलेकडे मुरबाडास गेलो असता धाकटा भाऊ नथू याने वेलांच्या बुडाशी शेण-पाला पसरून राब भाजला. विचारले तर म्हणाला, "भाताला राब लागतो, मग तुझ्या द्राक्षाला काय सोन्याचा पाय हाय? बरं व्हावं म्हणूनच केलं ना रे दादा." सात वेल जळून गेले. मी त्याच्याशी बोलणे सोडले. त्याला नऊ वर्षे झाली.

उरलेले पाच पुढच्या माघात लगडले. इतकी गोड द्राक्षे मी नाशकालाही खाल्ली नव्हती. जैतूच्या मडक्यातलीही त्या वर्षी न्यारी निघाली म्हणतात. हा सुकटीच्या खताचा गुण, असे मी गावभर सांगितले. ते खोटे होते. पहिला घड देवापुढे ठेवला तेव्हाही खोटेच बोललो. देवाने खाल्ला नाही, यात नवल नाही. तेव्हापासून दरवर्षी मीच मुळे उघडी करून ताण देतो, आणि देताना नथूला शिव्या घालतो.

सबब पाचही वेल, त्यांचे पांगाऱ्याचे खांब व नाशकाची कातर नथूला. त्याचा हात निर्दय आहे, आणि वेलाला तोच लागतो.

कलम ५. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. परंतु दसरा झाला, मुळे मी डाव्या हाताने कशीबशी उघडी केली आहेत, छाटणी पंधरा दिवसांत व्हायला हवी, आणि मी तेवढ्यात मरेनच असा भरवसा नाही. म्हणून कलम ४ आजपासून लागू समजावे, व गुरुजींनी आत्ताच नथूच्या अंगणात जाऊन मोठ्याने वाचावे.

पुरवणी, त्याच दिवशी. गुरुजी वाचून आले, मागून नथू आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, "सात जळून गेले, एवढंच लिवलंय. लिव ना, नथूनं मारले." मी म्हटले, आता लिहिले. मग त्याने भिंतीवरची कातर काढली आणि विचारले, "डोळं किती ठेवू?"

"चार," मी म्हणालो.

सही: कमळू पोश्या विशे, डाव्या हाताने.
साक्षीदार: १. नामदेव गुरुजी, लिहिणार. २. मालू नवशा भोईर, अंगठा.
नथूचाही अंगठा घ्यावा असे गुरुजी म्हणत होते. तो वेलावर आहे, त्याला उतरवू नये.

मुक्काम शेणवा, आश्विन वद्य, शके १८६३. तारीख १० ऑक्टोबर १९४१.