जिनेवालीचे वडील

प्रिय करवते,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घे. विमानतळावरच्या तपासणीत मला बूट काढायला लावले आणि माझ्या उजव्या मोज्यातून अंगठ्याने समस्त प्रवासीवर्गाला दर्शन दिलं. तीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या माणसाचा अंगठा असा निराधार उभा, आणि मागे रांगेतली एक चिमुरडी सांगतेय, "आई, आजोबांचा मोजा संपला!" तू फोनवर बजावलं होतंस, "बाबा, नवे मोजे घाला." मी 'हो हो' म्हटलं होतं. तर त्या बाबतीत तू जिंकलीस. पण आज तुझं न ऐकल्याची ही एकच गोष्ट नाही.

संमेलनाहून परतताना दोन विमानांच्या मध्ये मला सात तास होते. तुझा हुकूम असा की एका जागी बसा, वेळेवर डोळ्यात थेंब टाका, अनोळखी शहरात बाहेर पडू नका. इतके आज्ञार्थ एका दमात तुझ्या आईनेही कधी वापरले नाहीत. मी तासभर शहाण्यासारखा बसलो. समोरच्या फलकावरच्या प्रत्येक शब्दाचं मधलं अक्षर पुसट दिसत होतं, कडेची तेवढी ठीक. डॉक्टर म्हणतात, ही पुसट जागा आता वाढत जाणार. ते कळल्यापासून तू हॉस्पिटलच्या जिन्यांचं काम नाकारून कायमची घरी यायचं म्हणतेस. पहिल्यांदा अख्खं काम तुझ्या हाताखाली येतंय, आणि सोमवारी तू मालकांना 'नाही' सांगणार. मी त्यावर 'बघू' म्हणालो. माझं 'बघू' म्हणजे काय ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

आता कबुली. हे सात तास नशिबाने आले नव्हते, मी मागून घेतले होते. सरळ जाणारं विमान होतं. तुला मात्र जागा नाही म्हणून सांगितलं. या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा जिना तू केलायस. उद्घाटनाला तू बोलावलंस तेव्हा मी पेपर तपासायचे आहेत म्हणून कळवलं होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे एकही पेपर नव्हता. सरांची मुलगी लाकूड तासते हे चारचौघांत सांगताना माझी जीभ अडखळायची, एवढंच कारण होतं. शब्दांची रूपं घडाघडा म्हणणारी पोर करवत आणि रंधा घेऊन बसली याचा राग मी चार वर्षं जपून ठेवला, जसा काही तो लोणच्यासारखा मुरून चांगला लागणार होता.

टॅक्सीने पाऊण तासात पोचलो. दारातून आत शिरलं की समोर तुझा जिना. तो बघायला मी चष्मा पुसला, मान तिरकी केली, कडेने पाहिलं, आणि खरं सांगू? वळणावर तो कठडा कुठे जोडलाय ते मला सापडेना. माझे डोळे अधू, म्हणून बोटं फिरवली. बोटांनाही सापडेना. मी आपला तिथे कठडा कुरवाळत उभा, तर ग्रंथपाल बाई आल्या. "काका, पुस्तक हवंय की जिना?" मी म्हटलं, जिनाच. त्या म्हणाल्या, "मग रांगेत या, तुमच्याआधी बरेच जण येऊन गेलेत."

इतक्यात वरून एक गृहस्थ भराभरा उतरत आले. हातात पांढरी काठी, पण ती घडी करून काखेत मारलेली. मी घाबरून बाजूला झालो. ते शेवटच्या पायरीवर बरोबर थांबले आणि माझ्या चाहुलीकडे वळून म्हणाले, "नवीन दिसताय. हात कठड्याखाली घाला. लागली का खाच? तीन बोटांची? ती लागली की एकच पायरी उरली." मग कौतुकाने सांगू लागले, "हा जिना केला ना, त्या पोरीने चार दिवस डोळ्यांना फडकं बांधून वर-खाली केलं. मी तिला म्हटलं, अगं पडशील. तर म्हणते, आता मी पडले तर पुढे तुम्ही पडणार नाही."

करवते, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही कुठे विचारलं होतं म्हणा. मी खाचेत तीन बोटं ठेवली आणि आपल्या घरचा जिना आठवला. मी पुस्तकात डोकं घालून उतरायचो आणि शेवटची पायरी दरवेळी चुकायचो, म्हणून तुझ्या आईने कठड्याच्या टोकाशी सुतळी गुंडाळली होती. तू तेव्हा जेमतेम सहा वर्षांची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. सुतळी अजून तिथेच आहे.

मग मी त्यांना सांगून टाकलं, ती माझी मुलगी. जीभ अजिबात अडखळली नाही. बाई तिथूनच ओरडल्या, ग्रंथालयात, शांतता राखा या पाटीखाली उभ्या राहून! "अहो, सगळे या! जिनेवालीचे वडील आलेत!" चहा आला, खुर्ची आली. जन्मभर लोक तुला 'सरांची मुलगी' म्हणत आले. आज मला कुणी माझं नावगाव विचारलं नाही, हुद्दा विचारला नाही. इतका मान मला कुठल्याच संमेलनात मिळाला नव्हता. थेंबही तिथेच टाकले. डोळे ओले दिसले त्याचं खापर थेंबांवर फोडायची सोय झाली.

आता विमानतळावर परत येऊन, मोठ्या अक्षरात, ओळी सांभाळत हे लिहितोय. सोमवारी मालकांना 'हो' सांग. मग दोन दिवसांची सुट्टी काढ, घरी ये, सुतळीच्या जागी माझ्यासाठी खाच कर आणि परत जा. डोळ्यांची मला धास्ती आहेच, पण खरी काळजी वेगळी आहे. मी धीट माणूस नाही. एखाद्या दुपारी पुस्तकाचं पान उघडेन, काहीच दिसणार नाही, आणि मी तुला फोन करून म्हणेन, "सगळं सोडून ये." तू येशीलही. त्या दिवशी माझं ऐकू नकोस. हे पत्र काढून वाच. यातलं प्रत्येक अक्षर मी दिसत असताना लिहिलं आहे.

तुझाच,
फाटक्या मोज्याचा, ताठ मानेचा
बाबा