बायलॅटरल मामला

गुरुजी, आज सकाळी पोरगी पाटीवर ए बी सी काढून राहिली होती, अन् मले तुमचा रेडिओ आठवला. म्हनून लिवून राहिली. नववीपर्यंत शिकली मी, त्याच्यातही इंग्रजीत तुमी पास केला म्हनून पास झाली. चुका असतीन तर असू द्या. आता तुमी लाल पेन घेऊन थोडीच येनार.

दवनीवाड्याच्या शाळेत तुमी आमाले पुस्तकातली इंग्रजी कमी अन् रेडिओवरची जास्त शिकवली. त्या साली तिकडे पहाडावर लढाई चालू होती. दिल्लीतले मोठे लोक इंग्रजीत भाषन देत. तुमी टेबलावर रेडिओ ठेवत अन् त्यातला एक एक शब्द पकडून फळ्यावर लिवत. पोट्टे हसत, "गुरुजी, आमाले काय दिल्लीले जाचा आहे का?" तुमी म्हनत, "पुस्तकातली मांजर तुमाले काय कामाची? एक देश दुसऱ्या देशाले नाई कसा म्हनते, थे आयका. ना शिवी, ना आरडाओरड, अन् नाई म्हंजे नाई." एकदा तुमी मले उभी केली अन् रिग्रेटचा अर्थ विचारला. मी म्हनली, माफी मागना. तुमी खडू फेकून मारला. "माफी नाई वो बाई. वाईट वाटते, एवढाच म्हनते थो. आयकनार तर नाईच." मंग बहुत दिवस सारे पोट्टे मले रिग्रेट म्हनूनच हाका मारत. बायलॅटरल तुमी धानाच्या बांधीवरून सांगतला. दोघाईचे वावर म्हंजे दोन बांध्या, मधात एक धुरा, म्हंजे बांध, भांडन त्या दोघाईचा. तिसरा बोलाले आला तर थो थर्ड पार्टी. त्याले चहा पाजा अन् वापस पाठवा.

मंग मले कामठ्याले देली. पोरगी आता चार वर्षाची आहे, अन् पोटात दुसरा आहे. माजे भासरे, म्हंजे मालकाचे मोठे भाऊ, रायपूरले राहतेत. त्याईले लेकरू नाई. उन्हाळ्यापासून घरात एकच गोष्ट, पोरगी त्याईले देऊन टाका. सासू म्हनते, "पोरगीच तर आहे. तुले दुसरा होऊनच राहिला." मी काई बोलत नव्हती. मले भेव लागते गुरुजी, साऱ्याईचा. पोरगी अंगनात दिसली नाई का चुलीवरचा भात सोडून धावते मी. मालक खाली मान घालून जेवत अन् उठून जात. त्याईच्या मनात काय आहे, मले समजत नव्हता, अन् विचाराची हिंमत नव्हती.

मागच्या इतवारी सासूचे भाऊ आले बालाघाटवरून, मले समजवाले. खाटेवर बसले अन् पोरीले मांडीवर घेतला. "देख बहू, बच्ची वहाँ राज करेगी. हाँ बोल दे, बात खतम." मी चहा देऊन राहिली होती. तोंडात शब्द कुठून आला मालूम नाई. मी म्हनली, "मामाजी, चहा घ्या. पन हा बायलॅटरल मामला आहे. माजा अन् माज्या मालकाचा. थर्ड पार्टी नाई चालत. मले रिग्रेट आहे."

मामाजीचा कप तोंडाजवळच राहिला. "ये क्या बोली?"

सासू म्हने, "शिवी देऊन राहिली का वो? कोन शिकवला तुले असा?"

"गुरुजीनं," मी म्हनली, अन् पोरीले मामाजीच्या मांडीवरून उचलून घेतला.

मालक दाराशी उभे होते. म्हनले, "बायलॅटरल म्हंजे काय?"

"तुमी अन् मी. बस."

"मंग मले काऊन नाई विचारला आजपर्यंत?"

"आता विचारून राहिली. साऱ्याईसमोर."

पोरगीनं माज्या मानेत तोंड लपवला होता. मालकानं पुढे येऊन तिच्या पायातला पैंजन सारखा केला. मंग म्हनले, "मामाजी, चहा पिऊन घ्या. चारची बस आहे, मी सोडून येतो."

सासू अजून माज्यासंग बोलत नाई. धान निघाल्यावर भासरे खुद येतीन म्हनते. येऊ द्या. त्याईलेही चहा देईन. भेव गेला नाई गुरुजी, तसाच आहे. पन भेवत भेवतही नाई म्हनता येते, थे आता मालूम झाला.

हा कागद कुठी पाठवू? तुमी आता राहिले नाई, अन् शाळेतल्या टेबलावर रेडिओ नाई. पन एक गोष्ट कोनालेच सांगतली नाई, तुमाले सांगते. माजा लगन जमला तवा तुमी आमच्या घरी आले होते, पोरीले दहावी करू द्या म्हनले. बाबा म्हनले, "गुरुजी, हा आमच्या घरचा मामला आहे." मायनं चहा देला. तुमी पेला, कप खाली ठेवला अन् उठले. मी दाराच्या मांगं उभी होती. त्या दिवशी थर्ड पार्टी तुमीच होते. अन् मले वाटत होता, आनखी एक कप मांगा गुरुजी. बसून राहा.