न आवरलेलं घर

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू मला अडवलं असतंस आणि पुढे तूच बोलत राहिली असतीस, म्हणून पत्र. विमा कंपनीतली नोकरी मी सोडली. आता खुर्चीत नीट बस आणि पुढचं वाच.

मी काही रिकामी बसणार नाही. नुकसानीची पाहणी करणारी स्वतंत्र सर्व्हेअर म्हणून मला परवाना मिळालाय. कुणाच्या घराला आग लागली, छत पडलं, दुकानात पाणी शिरलं, की विमा कंपनी मला पाठवणार. मी जाऊन बघायचं आणि काय गेलं, कशाने गेलं, किती गेलं ते लिहून द्यायचं. मी ना कंपनीची, ना घरमालकाची. इतकी वर्षं कचेरीत बसून दुसऱ्यांनी पाहिलेल्या घरांचे कागद तपासले. आता घरं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आहेत.

जेवणाच्या टेबलाचं एक टोक म्हणजे माझं ऑफिस. घडीची शिडी, मोठी बॅटरी, मोजपट्टी, कॅमेरा आणि भिंतीतली ओल मोजायचं एक छोटं यंत्र, एवढा संसार. ते यंत्र आमच्या यांनी उत्साहाने घरातल्या प्रत्येक भिंतीला लावून पाहिलं आणि आता बाथरूमच्या भिंतीकडे डोकं करून झोपायला तयार नाहीत. दारावर पाटी लावली, तर पहिल्याच दिवशी एक गृहस्थ जमिनीची हद्द मोजायला चला म्हणून आले. दुसऱ्या दिवशी त्यांचे भाऊ आले, पहिल्यांचं ऐकू नका म्हणून सांगायला. दोघांनाही चहा दिला. माझं काम वेगळं आहे हे दोघांनाही पटलं नाही.

ती नोकरी तू शब्द टाकून मिळवून दिली होतीस, हे मी विसरलेले नाही. वर्ष संपेपर्यंत मला मुदत दे. तोवर माझा जम बसला नाही, तर तू म्हणशील त्या कचेरीत निमूट जाऊन बसेन.

काकांना नमस्कार. कळावे. लोभ आहेच, राग आला असेल तर तोही पाठव.

तुझी,
टिटवी


१२ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

राग मागितलास, तो याच पाकिटात आहे. पक्की नोकरी, बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा, हे सगळं सोडून शिडी घेऊन लोकांच्या घरात शिरायचं म्हणजे काय? तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली छान झालं. माझी ही धाकटी बहीण पहिल्यापासून अशीच. घराचं छत कोसळलं तरी ती म्हणेल, बरं झालं, उजेड आला. तुझ्या काकांना विचारलं, तर त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, हं म्हणाले आणि पुन्हा वर केलं. म्हणजे काळजी करायला मी एकटी उरले.

आणि मला सांग, घरात एवढा अनर्थ झालेला असताना बाहेरच्या माणसाला आत कोण घेईल? माझ्याकडे साधं कुणी न कळवता आलं आणि सोफ्यावर वाळलेले कपडे पडलेले असले, तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुला त्या बायका दारातूनच वाटेला लावतील.

मुदत दिली. वर्ष संपलं की मी विचारणार आहे, तेव्हा सबबी चालायच्या नाहीत. तुझं ते टेबलावरचं ऑफिस बघायलाही येईन. माझ्या बोटाची तुम्ही सगळे थट्टा करता, मी आले की दाराच्या चौकटीवरून फिरवते म्हणून. ते फिरवणारच आहे, तयारीत राहा.

उन्हातान्हात फिरताना डोक्याला काहीतरी बांधत जा. शिडी कुणाला तरी धरायला सांगत जा. कळावे, माया कमी झालेली नाही.

तुझी मावशी


२० एप्रिल

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस त्याच्या अगदी उलट घडलं. बायका मला दारातून वाटेला लावत नाहीत, आत घेतात. दुखणं वेगळंच आहे.

आधी किरकोळ कामं मिळाली. वाऱ्याने पडलेली एक दुकानाची पाटी, मोटारीने ठोकलेली एक कुंपणाची भिंत. कंपनीत दावे मंजूर करणारे एक साहेब आहेत, त्यांना सगळे मागून वजाबाकी म्हणतात, कारण कुणी कितीही आकडा लिहिला तरी ते त्यातून काहीतरी कमी केल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांनी गेल्या आठवड्यात मला पहिलं मोठं काम दिलं. एक बाई घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग चालवतात. त्या खोलीला आग लागली होती. मशिनं, कापड, कपाट, सगळं गेलं असं त्यांनी कळवलं होतं.

मी शिडी-बॅटरी घेऊन गेले. दार उघडलं, तर आत लखलखीत खोली. भिंतींना नवा रंग, फरशी घासूनपुसून चकचकीत, खिडकीला कोरा पडदा. मला वाटलं, घर चुकलं. पण त्याच त्या बाई. हात पुसत पुढे आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या की तुम्ही यायच्या होतात, म्हणून चार दिवस सगळे राबून आवरून घेतलं. जळकी मशिनं भंगारात, जळकं कापड कचऱ्यात. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला.

मावशी, माझं काम एवढंच, की दिसलं ते लिहायचं. आणि दिसलं काय, तर नीटनेटकी खोली. तसं लिहिलं तर बाईंना काही मिळणार नाही आणि वर्ग बंद. त्यांच्या शब्दावर विसंबून लिहिलं तर वजाबाकी साहेब मला दुसरं काम देणार नाहीत, आणि ते बरोबरच असेल. मी त्यांना हे समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी नव्या पडद्याची चुणी सारखी केली. मग एवढंच म्हणाल्या की लोक यायचे असले की आवरायचं, एवढंच मला ठाऊक.

रिपोर्टला थोडे दिवस मागून घेतलेत. काय लिहावं ते सुचत नाही. तुझी मुदत आठवते आणि पुन्हा कचेरीतली खुर्ची दिसायला लागते.

कळावे. या वेळी राग नको, नुसता लोभ पाठव.

तुझी,
टिटवी


२७ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

त्या बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांनी केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. काजळीने काळ्या झालेल्या भिंती पाहुण्याला दाखवायच्या होत्या की काय? मी असते तर मीही हेच केलं असतं, फक्त जास्त चांगलं. कारण तू कितीही कौतुक केलंस तरी त्यांची खोली लखलखीत असेल यावर माझा विश्वास नाही. लोक डोळ्यांना दिसेल तेवढंच पुसतात. फरशी घासतील, भिंती रंगवतील, पण दाराच्या चौकटीची वरची कड, पंख्याच्या पात्यांची वरची बाजू, पडद्याच्या दांडीची मागची बाजू, तिथे हात लावणारी मी एकटीच. परवा तुझ्या आईकडे गेले होते. खोली आरशासारखी, आणि चौकटीवर बोट फिरवलं तर बोटाला हा थर. ती म्हणाली, तिथे कोण बघतं? मी म्हटलं, मी बघते.

तुझ्या रिपोर्टचं मला काही कळत नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. जेवत जा वेळेवर. कचेरीतली खुर्ची कुठे पळून जात नाही आणि वर्ष अजून संपलेलं नाही. लोभ मागितलास, तो पूर्वीचा होता तेवढाच आहे, वाढवून ठेवलेला नाही.

तुझी मावशी


९ मे

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं आणि अर्धवट टाकून शिडी उचलली. काकांनी वर्तमानपत्र खाली करून ऐकावं असं आता लिहिते.

त्या बाईंच्या दाराच्या चौकटीवर बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट, तेलकट काजळीने माखलेलं. पंख्याच्या पात्यांवर वरून तसाच थर. पडद्याच्या दांडीमागे भिंतीला नवा रंग पोचलाच नव्हता, तिथे धूर कसा वर चढला ते लिहिल्यासारखं स्पष्ट. एका कोपऱ्यात सगळ्यात दाट, म्हणजे आग तिथून भडकली. तिथल्या ट्यूबलाइटची पट्टी उष्णतेने वाकडी झालेली, तीही वरच्या अंगाने. मग भंगारवाल्याकडे गेले. मशिनं अजून त्याच्या अंगणातच पडली होती, एकही विकली गेली नव्हती. बाईंना मी त्या खोलीत शिडी धरायला उभं केलं होतं. वर काय आहे ते बघून त्या लाजल्या, म्हणाल्या की तिथलं पुसायचं राहूनच गेलं. मी म्हटलं, तुमचं नशीब की राहिलं.

कपाटाचं मात्र काही चिन्ह सापडलं नाही, म्हणून तेवढं सापडलं नाही असंच लिहिलं. बाईंना वाईट वाटलं, पण भांडल्या नाहीत. वजाबाकी साहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि काहीही कमी न करता सही केली. मग फोन करून विचारलं की हे चौकटीवर बघायचं कुठे शिकलात. मी सांगितलं, घरीच, मावशीकडे. त्यांनी लगेच एका गोदामाचं काम दिलं.

आता कुणाकडे जायचं ठरलं की मी आधी फोन करून बजावते. कार्डंही छापून घेतली आहेत, एक सोबत पाठवतेय. नावाखाली मोठ्या अक्षरात आहे: मी येईपर्यंत काहीही आवरू नका. हे वाचून तुला झोप लागणार नाही, याची मला कल्पना आहे.

तुझ्या बोटाला साष्टांग नमस्कार. कळावे. लोभ वाढवायला आता हरकत नसावी.

तुझी,
टिटवी


१८ ऑगस्ट

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर हे धड सांगता येणार नाही, म्हणून पत्रच माणसाबरोबर पाठवतेय. अक्षर वाकडं येतंय, समजून घे. टेबल ओलं आहे म्हणून मांडीवर पाट घेऊन लिहितेय. काल गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. हॉलचं अर्धं छत खाली आलं. सोफा, टीव्ही, पुस्तकांचं कपाट, सगळ्यावर चिखलासारखा राडा. आम्ही दोघं आत झोपलो होतो, म्हणून वाचलो. काकांनी मुख्य नळ बंद केला. मी झाडू घ्यायला गेले आणि आरशात खोचलेलं तुझं कार्ड दिसलं.

टिटवे, मी झाडू परत ठेवला. कालपासून मी या खोलीत खुर्चीवर बसून आहे आणि काही म्हणजे काही उचललेलं नाही. पांढरी पूड सगळ्या घरभर झालीये, पायाला चिकटून स्वयंपाकघरात गेलीये. शेजारच्या मास्तरीणबाई फडकं घेऊन मदतीला आल्या, त्यांच्यावर मी ओरडले. येणारा-जाणारा दारातून डोकावतो आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटतं. या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हे घर कुणी असं पाहिलेलं नाही. घर आवरायचं नाही म्हणून मी रडू आवरत बसले आहे.

घराचा विमा तुझ्या वजाबाकी साहेबांच्याच कंपनीचा आहे. तिथे फोन करून सांगितलं की दुसऱ्या कुणाला पाठवू नका, माझी भाचीच सर्व्हेअर आहे. तेव्हा तुझी शिडी घे आणि निघ. आता लोभ-बिभ काही लिहीत नाही, लवकर ये.

तुझी मावशी


२० ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आत्ताच मिळालं आणि उत्तर घेऊन जाणारा माणूस खाली थांबलाय, म्हणून थोडक्यात. तुम्ही दोघं सुखरूप आहात, बाकी सगळं पुढचं.

मी सर्व्हेअर म्हणून येऊ शकत नाही. नात्यातल्या माणसाचं नुकसान मी पाहायचं नाही, असा नियम आहे. नियम नसता तरी मी पाहिलं नसतं, कारण तुझ्या ओल्या सोफ्याकडे मला कोरड्या डोळ्यांनी बघता येणार नाही. मी स्वतः लगेच फोन करून वजाबाकी साहेबांना कळवलं की ही माझी मावशी आहे. उद्या सकाळी दुसरे एक गृहस्थ येतील. वयाने मोठे आहेत, कमी बोलतात, पण माणूस सरळ आहे. त्यांना लाजू नकोस. विचारतील ते सगळं सांग. आणि हॉलच्या कोपऱ्यातला तो जुना ओलीचा डाग, ज्यावर तू दरवर्षी नवं कॅलेंडर लावतेस, ते कॅलेंडर त्यांच्यासमोर काढ. तो डाग आपला जुना, छत टाकीमुळे पडलं. दोन्ही वेगळं कळलं की तुझ्याच फायद्याचं आहे.

ते गेले की मी येते. भाची म्हणून, झाडू-बादली घेऊन. यावरून माझी मुदत काढून घेणार असशील तर तसं सांग, मला वाईट वाटेल पण मी हेच करेन.

तुझी,
टिटवी


३ सप्टेंबर

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेलीस आणि घर फार शांत झालं. पत्र लिहायला आज बसते, कारण तू समोर असताना मला नीट बोलता आलं नसतं.

तुझं ते पत्र वाचून मी आधी चिडले, हे खरं. काकांना म्हटलं, स्वतःच्या मावशीसाठी एवढंही करवत नाही. तर तुझे काका वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाले की दुसऱ्यांच्या घरी पाळते तोच नियम ती आपल्या घरीही, कुणी बघत नसतानाही पाळते, यात तुझंच वळण दिसतंय. इतक्या वर्षांत एवढं लांब वाक्य ते पहिल्यांदाच बोलले असतील.

सकाळी ते गृहस्थ आले. मी दार उघडलं आणि घर आहे तसं दाखवलं. मान खाली घातली नाही. कॅलेंडर मीच काढलं. त्यांनी डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले की आवरायच्या आधी मला घरात घेणारी तुमच्यासारखी माणसं फार कमी भेटतात. त्यांना सांगायचं ओठांवर आलं होतं की मला कुणी शिकवलंय, पण नात्याचं नाव घेऊ नये म्हणून गिळलं. काल कंपनीचं पत्र आलं. डाग वगळून बाकी सगळं मान्य झालं. छत बांधणारा सोमवारी येतोय.

मुदतीचं म्हणशील, तर वर्षअखेरीला मी काही विचारणार नाही. तुझ्या कचेरीच्या खुर्चीवर आता दुसरं कुणी खुशाल बसू दे.

आणि एक. तू दोन दिवस माझ्याबरोबर राबलीस, गुडघ्यावर बसून फरशी खरवडलीस. तू गेल्यावर सवयीने मी हॉलच्या दाराच्या चौकटीवर बोट न्यायला गेले. छताची पांढरी पूड तशीच होती तिथे, तुझं पुसायचं राहिलं होतं. पण तिच्यात एक सरळ रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझ्या आधी कुणाचं तरी बोट तिथून फिरून गेलं होतं.

फडकं हातातच होतं. पुसलं नाही. तू पुन्हा येशील तेव्हा दाखवेन.

कळावे. लोभ वाढवून ठेवला आहे.

तुझी मावशी