राणीचा एक पाय पालखीत

तीर्थस्वरूप अण्णास,

खटकचिंचोळीहून धाकट्या राजूबाईचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा दमा कसा हाय? वहिनीचे गुडघे वाकायलेत का अजून तुम्हीच पाणी भरायलात? इकडं म्हशी बऱ्या, पोरं बरी. माझं विचारू नका. विचारणारे रडायला बसतेत आणि मग चहा मलाच करावा लागतो.

हे गेल्यापासून तबकड्यांचा फोनो कोपऱ्यात नुसता बसून हाय. तो तुम्ही उदगीरला घेऊन जावा, म्हणून हे पत्र. मला नाटकाच्या गाण्यातलं काय कळतंय? जन्मभर ह्यांनी डोळे मिटून मान डोलवायची आणि मी चावी फिरवायची, सुई बदलायची. (ऐकणारे म्हणून नाव ह्यांचं, हात दुखायचा माझा.) त्यात ती रुसलेल्या राणीची तबकडी. राणी राजावर रुसून माहेरी निघती, एक पाय पालखीत टाकती, अशी लांब तान घेती की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठावंसं वाटत न्हाई (दूध पातळच होतं), आणि तबकडी संपती. पुढची तबकडी सोलापूरच्या दुकानात कधी आलीच न्हाई. हे म्हणायचे, ती उतरती. मी म्हणायची, जाती. राजानं एवढं दुखवल्यावर कामून उतरंल? ह्यावरनं आमची किती जेवणं थंड झाली तुम्हाला ठावं हाय. नाटक बघितलंय म्हणणाऱ्यांना विचारलं, तर ज्याची बायको माहेरी होती त्याची राणी गेली, ज्याची घरात होती त्याची उतरली. शेवटच्या दुखण्यात ह्यांना बोलणं जड झालं, तरी मला खुणेनं विचारायचे, उतरली का? मी मान हलवायची, न्हाई.

परवा भालकीचे अडतवाले बसवंतप्पा सांगत आले की मुंबईच्या रेडिओवर ते नाटक सगळंच्या सगळं लावणार हायत. थोरली जाऊ सुमनबाई म्हणाली, वर्ष सरलं न्हाई, तू घर सोडू नको, गाणं तर कानावर पडू देऊ नको. मी म्हणलं, मग बाई, तुम्ही राखणीला चला. ती माझ्याआधी गाडीत चढून बसली. बसवंतप्पांच्या दुकानात तुरीच्या पोत्यावर बसून ऐकलं. खरखर इतकी, की राजा बोलायलाय का भजी तळायलाय कळंना. ऐन पालखीपाशी बसवंतप्पा उठले. "अक्का, बॅटरी संपायलीय, सकाळी कापसाचा भाव ऐकायचा हाय." मी म्हणलं, "बसा खाली. कापूस काय पळून जायलाय व्हय?" बसले बिचारे. तान तीच. पण इथं ती संपली न्हाई. पुढं अजून एक कडवं हाय, अण्णा. त्यात राणी मागं बघती. राजा नुसता उभा ऱ्हातो. आणि ती पाय खाली घेती.

सुमनबाई म्हणाली, "भावजी जिंकले की गं." मी वाटंनं तिच्याशी बोलले न्हाई. घरी आल्यावर पायसुद्धा न धुता तशीच आतल्या खोलीत गेले, हरले म्हणून सांगायला. खाट रिकामी. (हे मला म्हाईत न्हाई असं न्हाई. पण पाय गेले.) एवढ्या वर्षांत हा माणूस एकदा जिंकला आणि तेवढ्याला घरात न्हाई.

म्हणून म्हणते, फोनो घेऊन जावा. घरात उगी अडचण होती. वहिनीला नमस्कार, लेकरांना मुके.

तुमची राजूबाई

ता. क. फोनो न्यायला गाडी आणू नका. सुया तेवढ्या आणा, होत्या त्या सगळ्या झिजल्यात.

आणखी ता. क. वर्षश्राद्धाला मात्र नक्की या. दहाव्याला कावळा शिवंना, तेव्हा पोरांचं झालं, जमिनीचं झालं, म्हशींचंसुद्धा वचन देऊन बघितलं तुम्ही, आणि शेवटी दर्भाचा कावळा करून उठलाव. आता पान ठेवताना तुम्ही मोठ्यानं सांगा, राणी उतरली म्हणून. माझ्या तोंडातनं निघत न्हाई. आणि मी सांगितलं तर त्यांना खरंही वाटायचं न्हाई.