निळी जपानी

अतुलराव साडूभाऊ, जय भीम.

सासऱ्यांची, आपल्या मामाजींची, गिटार आपल्याला फुकट मिळाली, असं तुम्ही सांगता. मला तिच्यापायी मामाजींच्या ऑर्केस्ट्राचे स्पीकर पंधरा वर्षं वाहावे लागले, ते कोणी धरत नाही. आता ती नेरला माझ्या दुकानात पाठवून म्हणता, "तुम्ही साउंडवाले, किंमत सांगा."

डोक्यावरचं नाव घासून गेलंय, पण मान काढली तर आत जपानचा शिक्का आहे. तारांखालचे, आवाज पकडणारे पिकअपही पहिलेच, जुने. अँप्लिफायर मशीनला लावली अन् एका तारेत ओळखली. यवतमाळ जिल्ह्यात तिचा आवाज माझ्याएवढा कोणालाच कळत नाही.

नागपूरचं गिऱ्हाईक चाळीस हजार देतं. मूळ रंग असता तर दुप्पट दिले असते. पण भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी मामाजींनी तिला निळा ऑइलपेंट मारायला काढला. ब्रश तुमच्या हाती दिला अन् मला म्हणाले, "सुखदेवराव, तुमी वायरी पाहा." तो निळा रंग मला अजून खुपतो.

म्हणून काल घरी आमच्या इंदूला म्हटलं, "चायना माल हाये, पाच हजाराचा, असं कळवून देतो. आपल्यापाशीच राहीन."

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "अन् वाजवन कोन?"

तेव्हा हे लिहायला बसलो. हे पत्र काही पोस्टात टाकणार नाही. चाळीस हजारांचं तेवढं फोनवर सांगीन.

मला गिटार वाजवता येत नाही.

तुमचा थोरला साडू,
सुखदेव